चोपड्यात आमच्या गल्लीतली प्रत्येक तिरंगी मांजर भाटीच कशी? तिरंगी बोका नसतोच का?

असतो, पण फार क्वचित. साधारण ३००० तिरंगी मांजरांत एखादाच बोका, असं मानतात.

केशरी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे तो केशरी तरी होतो, नाहीतर काळा किंवा करडा. भाटीकडे दोन एक्स, त्यामुळे एकावर केशरी आणि दुसऱ्यावर काळा असू शकतो. गर्भात वाढताना तिच्या प्रत्येक पेशीत त्यांतला एक कायमचा बंद होतो, आणि कुठल्या पेशीत कुठला बंद होणार याला काही नियम नाही. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली. म्हणून अंगावर कुठे केशरी ठिगळ, कुठे काळं. पांढऱ्याचा जनुक वेगळाच. तिथे रंगपेशी पोचलेल्याच नसतात.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती अशी: २००१ मध्ये अमेरिकेत एका तिरंगी मांजरीचं क्लोन, म्हणजे त्याच जनुकांची प्रत, केलं, तर पिल्लात केशरी रंग उतरलाच नाही! ज्या पेशीतून ते केलं, तिच्यातला केशरीचा एक्स बंदच राहिला होता. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या भाटीसारखी हुबेहूब दुसरी होणं जवळपास अशक्य.

तिरंगी बोक्याकडे बहुधा एक जादा एक्स असतो, आणि असे बोके जवळजवळ नेहमीच वांझ निघतात. त्यामुळे जळगावात किंवा धुळ्यात कुणी 'जातिवंत पैदाशीसाठी तिरंगी बोका' म्हणून मोठी किंमत सांगत असेल, तर कृपया पैसे देऊ नका.