‘नैराश्य’ सगळीकडे चालेल का?

प्रश्न असा आला आहे : मानसिक आरोग्यावरची एक छोटी पुस्तिका मराठीत आणायची आहे. मूळ मजकुरात ‘लो मूड’, ‘डिप्रेशन’ आणि ‘मूड डिसऑर्डर’ असे तीन वेगळे शब्द आहेत आणि सहकाऱ्यांनी तिन्ही ठिकाणी ‘नैराश्य’ लिहून टाकलं आहे. ते चालेल का? शिवाय ‘मिसडायग्नॉसिस’ला ‘चुकीचं निदान’ म्हणायचं की कुणीतरी सुचवलेलं ‘अपनिदान’?

‘निदान’ आधी उरकून घेतो, ते सोपं आहे. ‘अपनिदान’ नको. अपमान, अपघात, अपशकुन यांच्या पंगतीत तो शब्द जाऊन बसतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी अशुभ कळलेलं दिसतंय. ‘चुकीचं निदान’ सरळ आहे. मात्र त्या इंग्रजी शब्दाच्या पोटात तीन निरनिराळ्या चुका आहेत आणि मराठीत त्या वेगवेगळ्या सांगता येतात. आजार होता पण लक्षातच आला नाही, तर निदान हुकलं. आजार एक आणि नाव दिलं दुसऱ्याचं, तर निदान चुकलं. आजार नव्हताच आणि तरी नाव पडलं, तर नसता आजार चिकटवला. ‘नसती उठाठेव’मधला ‘नसता’ इथे फार चपखल बसतो.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ४१ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापून आला. पन्नास हजारांवर रुग्ण होते आणि प्रश्न एवढाच, की नेहमीच्या फॅमिली डॉक्टरला डिप्रेशन कितपत ओळखता येतं. हिशेब असा निघाला : दवाखान्यात येणाऱ्या १०० जणांत साधारण २० जणांना डिप्रेशन असतं. त्यांतले १० ओळखले जातात, १० हुकतात. उरलेल्या ८० मधल्या १५ जणांना ते नसताना चिकटतं. म्हणजे हुकलेल्यांपेक्षा चिकटलेले जास्त. एकाच भेटीत फैसला न करता माणसाला पुन्हा पुन्हा पाहिलं तर नेम सुधारेल, असंही त्याच अभ्यासकांचं म्हणणं. पुस्तिकेत सगळ्यालाच ‘चुकीचं निदान’ म्हटलं की त्या दहांची आणि या पंधरांची सरमिसळ होते. दहांना हवे उपचार आणि पंधरांना हवी त्यांतून सुटका.

(जाता जाता : ‘निदान डॉक्टरांनी तरी नीट निदान करावं’ अशी वाक्यं तपासून काढा. संस्कृतात ‘निदान’ म्हणजे मुळात बांधायची दोरी, दावं. त्यावरून मूळ कारण. मराठीत त्याच रूपाला ‘कमीत कमी’ हाही अर्थ आहे, आणि दोन्ही एका वाक्यात आले की वाचणारा ठेचकाळतो.)

आता ‘नैराश्य’. निर् अधिक आशा, तिचं भाववाचक नाम. आशा नसणं, बस्. संस्कृतात तर हा शब्द चांगला होता. भागवताच्या अकराव्या स्कंधात पिंगलेची गोष्ट आहे. रात्रभर गिऱ्हाइकाची वाट पाहून थकलेली ती बाई शेवटी वाट पाहणंच सोडते आणि शांत झोपते. तिथे म्हटलं आहे, ‘आशा हि परमं दुःखं नैराश्यं परमं सुखम्’. नैराश्य हे परमसुख! मराठीत अर्थ पार उलटला, त्याला हरकत नाही, शब्द असेच फिरतात. हरकत वेगळीच आहे. ‘नैराश्य’ म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, ‘कशामुळे?’ परीक्षेत आपटलास का, लग्न मोडलं का, नोकरी गेली का. आशा कशाची तरी असते, म्हणून निराशाही कशाची तरी असायला लागते, ही अपेक्षा शब्दातच बसलेली आहे. आणि ज्याला काहीच कारण सांगता येत नाही तो गप्प बसतो, किंवा एखादं कारण शोधून देतो. एकदा कारण हाती आलं की सगळे, कधीकधी डॉक्टरही, त्या कारणामागे लागतात.

‘उदास’ या बाबतीत बरा. ‘उगीचच उदास वाटतंय’ हे वाक्य मराठीत सहज खपतं. ‘उगीचच नैराश्य आलंय’ खपत नाही. म्हणून ‘लो मूड’ला मी डोळे झाकून ‘उदास वाटणं’ किंवा ‘उदासी’ म्हणेन. ‘औदासीन्य’ मात्र नको. उद् अधिक आस्, म्हणजे बाजूला, वर बसलेला, तो उदासीन, तटस्थ. तुकोबांचं ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ आठवा. तिथे पैसा रडतरडत खर्चायचा नाही, न गुंतता खर्चायचा आहे. ‘उदास’मधला तो जुना अर्थ आज बोलण्यातून गेला, पण ‘औदासीन्य’मध्ये तो ठाण मांडून आहे. मतदारांचं औदासीन्य म्हणतो तेव्हा मतदार दुःखी असतात असं कुठे आपल्याला म्हणायचं असतं?

याहून सुंदर घराणं ‘सद्’ धातूचं आहे. सद् म्हणजे बसणं, खाली जाणं. प्र लावला की प्रसन्न आणि प्रसाद, वि लावला की विषण्ण आणि विषाद, अव लावला की अवसन्न आणि अवसाद. प्रसन्न आणि विषण्ण ही सख्खी भावंडं आहेत हे कळलं तेव्हा मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग, आणि त्यात अर्जुन स्वतःचं वर्णन करतो ते मनापासून नाही, शरीरापासून सुरू करतो : ‘सीदन्ति मम गात्राणि’, माझी गात्रं गळून चालली आहेत. ‘सीदन्ति’ हेही त्याच सद् धातूचं रूप. लॅटिनमध्ये ‘डिप्रेशन’च्या मुळाशी ‘खाली दाबणं’ आहे, आणि आपल्या रोजच्या मराठीत ‘खचणं’ : भिंत खचते, जमीन खचते, माणूस खचतो. तीन भाषा, आणि तिन्हींत दिशा एकच, खाली. हिंदीने यासाठी ‘अवसाद’ उचलला. मराठीत तो रुळला नाही, आणि पुस्तिकेसाठी तो ओढून आणू नये असं माझं मत.

मग आजाराला म्हणायचं काय? माझं उत्तर संस्कृतप्रेमींना आवडणार नाही : ‘डिप्रेशन’च ठेवा. कारण उदासी आणि डिप्रेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शब्द वेगळा राहिला तरच त्या वेगळ्या राहतील. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या नियमावलीत डिप्रेशनचं निदान करायला ९ लक्षणांपैकी ५ लागतात, सलग २ आठवडे, आणि त्या पाचांत पहिल्या दोनांपैकी एक तरी हवंच : उदास मनःस्थिती, किंवा कशातही रस न वाटणं. ‘किंवा’कडे लक्ष द्या. उदास न वाटताही डिप्रेशन असू शकतं. ज्याला रडू येत नाही, वाईट वाटत नाही, नुसतं सगळं बेचव झालंय, झोप बिघडलीय, साधा निर्णय घेता येत नाही, त्याला ‘तुम्ही उदास असता का?’ विचारलं तर तो खरेपणाने ‘नाही’ म्हणेल. निदान हुकलं.

त्या दुसऱ्या लक्षणाला कुणीतरी ‘सुखानुभूतिहीनता’ असा दगड टाकलेला मी वाचला आहे. कृपा करा. ‘कशात मन लागत नाही’, ‘कशाची गोडी वाटत नाही’, ‘पूर्वी आवडायचं ते आता नकोसं झालंय’ असं माणसं बोलतातच. तसंच छापा.

‘मूड डिसऑर्डर’ अवघड आहे. ‘भावविकार’ सुटसुटीत दिसतो, पण ‘भाव’ मराठीत बाजारातही असतो, भाव वधारतो, माणूस भाव खातो, आणि भक्तिभाव वेगळाच. ‘मनोविकार’ फारच मोठा, त्यात सगळेच मानसिक आजार आले. मी ‘मनःस्थितीचे विकार’ घेईन. लांब आहे, पण चुकीचं काही सुचवत नाही. आणि इथेच ‘नैराश्य’ सगळ्यांत जास्त नडतं, कारण मनःस्थितीच्या विकारांत फक्त खाली जाणं नसतं, वर जाणंही असतं. या सगळ्यांना सामावणाऱ्या छत्रीला ‘नैराश्य’ नाव दिलं की बायपोलर विकार, म्हणजे ज्यात मन कधी खाली जातं तर कधी भरधाव वर, तो छत्रीबाहेर भिजत उभा राहतो.

या वर जाण्याला आपल्याकडचा ग्रंथातला शब्द ‘उन्माद’. जुना, आयुर्वेदातला, भारदस्त. पण आज आपण तो कुठे वापरतो? सत्तेचा उन्माद, विजयाचा उन्माद, जमावाचा उन्माद. म्हणजे जवळजवळ शिवीच. एखाद्याला समोर बसवून ‘तुम्हाला कधी उन्मादाचा झटका आला होता का?’ विचारून बघा. कोण हो म्हणेल?

माझ्या ओळखीतल्या एका बाईंचं सांगतो, कारण माझा या शब्दांशी संबंध तिथून आला. वर्षानुवर्षं डिप्रेशनच्या गोळ्या. मधूनमधून बरं वाटायचं, पुन्हा खाली. त्या मधल्या दिवसांना घरचे म्हणायचे, ‘चला, गाडी रुळावर आली.’ रुळावर म्हणजे कशी, तर रात्री दोनला उठून सगळी कपाटं रिकामी करायची, तीन तासांच्या झोपेवर पहाटे टवटवीत, एकाच आठवड्यात तीन अभ्यासक्रमांचे पैसे भरलेले, आणि कुणी मधे बोललं की अंगावर जायचं. पायाला भिंगरी. डॉक्टरांनी विचारलं होतं, नाही असं नाही. विचारलं होतं, ‘मधे कधी खूप आनंदात असता का?’ त्या म्हणाल्या, ‘छे हो, आनंद कुठला?’ आणि खरंच होतं ते. त्या आनंदात नव्हत्या, चिडलेल्या आणि सुसाट होत्या. वर जाण्याच्या अवस्थेत हर्ष असायलाच हवा असं नाही, नुसती चिडचिडही असते. त्यांना प्रश्न कळला होता, उत्तर प्रामाणिक होतं, शब्द तेवढा चुकला होता. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं तेव्हा पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं.

हा अपवाद नव्हे. अमेरिकेत बायपोलर असलेल्या लोकांची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ६९ टक्के लोकांना आधी दुसऱ्याच आजाराचं नाव मिळालेलं होतं, बहुतेकदा साध्या डिप्रेशनचं. एक तृतीयांशाहून अधिकांना खरं नाव कळायला १० वर्षं किंवा जास्त लागली. हे डॉक्टरांच्या निष्काळजीपणावर ढकलून मोकळं होता येत नाही, कारण आजारच तसा दडून बसतो. बायपोलरच्या दुसऱ्या प्रकाराच्या (यात वर जाणं सौम्य असतं) रुग्णांवर सरासरी १३ वर्षं लक्ष ठेवून आठवड्यांचा हिशेब मांडला गेला आहे : सुमारे ५० टक्के आठवडे डिप्रेशनच्या लक्षणांत गेले, आणि वर जाण्याच्या अवस्थेत जेमतेम १ टक्का. माणूस डॉक्टरकडे त्या पन्नासांत जातो. एका टक्क्यात कोण जाईल? तेव्हा तर गाडी रुळावर असते. आणि नाव चुकलं की औषध चुकतं. बायपोलरमध्ये नुसतं डिप्रेशनवरचं औषध दिलं तर काही जणांची गाडी रूळ सोडून वर उडते.

नावाचा इतिहासही थोडा पाहण्यासारखा आहे. १८५४ मध्ये फ्रान्समध्ये फाल्रे या मानसोपचारतज्ज्ञांनी आज ज्याला बायपोलर म्हणतो त्याला ‘वर्तुळाकार वेड’ अशा अर्थाचं नाव दिलं. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये उन्माद आणि विषाद एका जोडनावात आणले. त्यांच्याच देशातल्या लिओनहार्ड यांनी १९५७ मध्ये एकध्रुवी आणि द्विध्रुवी असे भाग पाडले, आणि १९८० पासून अमेरिकन नियमावलीत ‘बायपोलर’ आहे. मला विचाराल तर वर्तुळ ही प्रतिमा ध्रुवांपेक्षा खरी होती. ध्रुव म्हटले की दोन टोकं लांब लांब वाटतात. प्रत्यक्षात दोन्ही अवस्थांची लक्षणं एकाच वेळीही येतात. पण आता ‘बायपोलर’ घरोघरी कळतो, ‘द्विध्रुवीय’ला कंसात समजवावं लागतं. मग कंस कशाला?

शेवटचा शब्द, ‘प्रिव्हॅलन्स’ (म्हणजे किती लोकांना आजार आहे ते), तुम्ही विचारला नाहीत, पण मसुद्यात ‘डिप्रेशनचा प्रादुर्भाव’ दिसला. प्रादुर्भाव म्हणजे प्रकट होणं, साथीला ठीक. इथे ‘प्रमाण’ पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २८ कोटी लोकांना डिप्रेशन होतं आणि सुमारे ४ कोटींना बायपोलर. ही त्या वेळी आजार असलेल्यांची संख्या. त्या वर्षी नव्याने झालेल्यांची नव्हे. ‘प्रादुर्भाव’ लिहिलं की वाचणारा नेमकं ते दुसरं समजतो.

पुस्तिकेतल्या प्रश्नावलीत चौथा प्रश्न ‘आपणांस उन्मादावस्थेचा अनुभव आहे काय?’ असा आहे. तो काढून हा घाला : ‘सलग चार दिवस किंवा जास्त, नेहमीपेक्षा बरीच कमी झोप होऊनही थकवा आला नाही, डोकं भरधाव चाललंय असं वाटलं, आणि तुमचं वागणं बदललंय हे आजूबाजूच्यांच्या लक्षात आलं, असं कधी झालं आहे का?’ चार दिवसांचा आकडा मी ठरवलेला नाही, सौम्य मेनियासाठी, म्हणजे वर जाण्याच्या सौम्य अवस्थेसाठी, त्या अमेरिकन नियमावलीत तोच आहे. आणि जमलं तर खाली एक ओळ मोकळी सोडा : ‘त्या दिवसांना तुमच्या घरी काय म्हणतात?’