दुसऱ्या देशातल्या यादवीत सैन्य पाठवायला विरोध करणं म्हणजे जवानांचा अपमान नाही का?

नाही. आणि हे मी जवानाच्या घरातून सांगतेय.

१९८७ साली मी सहावीत होते. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, महार रेजिमेंटमध्ये, श्रीलंकेला गेलेल्या शांतिसेनेत. २९ जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा कोलंबोत करार झाला, तेव्हा गावात सगळे म्हणाले, भांडण सोडवायला चाललेत, येतील लवकर. ऑक्टोबरात त्याच सैन्याची तमिळ वाघांशी, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या एलटीटीईशी, लढाई जुंपली. जाफना हे उत्तर श्रीलंकेतल्या शहराचं नाव आम्ही रेडिओवर शिकलो. आजी कापूस वेचून आली की कमरेची ओटी न सोडताच रेडिओपुढे बसायची. नोव्हेंबरात ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यानंतर पोस्टमनची सायकल दिसली की मोठी आई उठून आतल्या खोलीत जायची.

आजी एवढंच म्हणायची, "घर त्याइचं, भांडन त्याइचं, मंग मराले आपलं पोट्टं कायले?" तिनं पोटच्या पोराचा अपमान केला, असं म्हणाल?

तिचा प्रश्न रास्तच होता. वाघ आपल्याशी लढत होते, सिंहली जहालांना आपण डोळ्यांसमोर नको होतो, आणि १९८९ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनीच सैन्य परत न्या म्हणून सांगितलं. वर वाघांना शस्त्रंही पुरवली! मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर आपले सुमारे १,२०० जवान जिवानिशी गेले होते. जाफन्यातली साधी तमिळ माणसंही मेली, त्यांचंही दुःख आहेच.

तमिळनाडूत या मोहिमेला मोठा विरोध होता आणि तो मला समजतो. पण परतलेल्या सैन्याच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, ते मला आजही खुपतं. राग धाडणाऱ्यांवर धरा, बोटीतून उतरणाऱ्यांवर नको. आपल्याकडे असं सैन्य पाठवण्याआधी संसदेची मंजुरी घ्यावी लागत नाही, म्हणून तर लोकांनी आधीच बोलायला हवं: बोलावलं कोणी, काम नेमकं कोणतं, परत कधी येणार?

२००३ मध्ये अमेरिका इराकसाठी आपलं सैन्य मागत होती. मोठेबाबा तेव्हा निवृत्त होऊन गावातच होते. जुलैत सरकारनं नकार दिल्याची बातमी त्यांनी बाजेवर बसून ऐकली, रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "बरं झालं. पोट्टे वाचले."