वाचकांचे प्रश्न : डोळ्याच्या पडद्यातल्या आधारपेशी

प्रश्न : आमच्या आप्पांना चौदा वर्षांपासून शुगर आहे. जळगावला पडदा तपासला तेव्हा डॉक्टर म्हणाले, बारीक रक्तवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मेल्यामुळे त्या फुगल्या आहेत, गळत आहेत. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सांगितलंय. केळीच्या घडाला आपण टेकू देतो, तशाच या पेशी का? आणि एका इंजेक्शनात काम का होत नाही?
– एक वाचक, रावेर

उत्तर : टेकूची उपमा अर्धीच लागू पडते. टेकू फक्त वजन पेलतो. या पेशी रक्तवाहिनीशी सतत रासायनिक देवाणघेवाण करतात. त्यांना पेरिसाइट म्हणतात. केशवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना त्या बाहेरून, लांब बोटांसारख्या फांद्यांनी कवटाळून बसतात. दोघींचं पायाभूत पटल, म्हणजे पेशींना धरून ठेवणारा पातळ थरही एकच असतो.

नवी रक्तवाहिनी कोंबासारखी उगवते ती व्हीईजीएफ या प्रथिनाच्या सांगण्यावरून. ऊतीला ऑक्सिजन कमी पडला की ते वाढतं. फुटलेला कोंब पीडीजीएफ-बी हे दुसरं प्रथिन सोडतो आणि त्याच्या ओढीनं पेरिसाइट येऊन चिकटतात. मग त्या अँजिओपोएटिन-१ हे आणखी एक प्रथिन सोडतात. त्यानं अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट धरतात, वाहिनी गळायची थांबते, वाढही आवरते. ज्या उंदरांत पीडीजीएफ-बीचं जनुक काढून टाकलं, त्यांच्या केशवाहिन्या फुगून फुटल्या आणि पिल्लं जन्माच्या सुमारास दगावली. आधारपेशीविना वाहिनी तयार होते, टिकत नाही.

डोळ्याच्या पडद्यात या पेशी सर्वांत दाट असतात : अस्तराच्या जवळपास प्रत्येक पेशीमागे एक. स्नायूंत हेच प्रमाण शंभराला एकच्या आसपास असतं. म्हणून वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेनं पेरिसाइट मेल्या की पडद्याचं नुकसान फार होतं. मोठ्या वयात त्यांची रिकामी जागा सहसा भरत नाही. तिथे भिंत फुगते, पाझरते, पडद्याच्या मध्यभागी सूज येते. पुढे काही वाहिन्या बंद पडतात, ऑक्सिजन कमी पडतो, व्हीईजीएफ वाढतं आणि आधार नसलेल्या नव्या, कच्च्या वाहिन्या उगवतात. डोळ्यातला मोठा रक्तस्राव बहुधा त्यांतूनच होतो.

इंजेक्शन व्हीईजीएफला बांधून ठेवतं. पेरिसाइटनं वेढलेल्या पक्क्या वाहिन्या त्याविनाही तगतात; कच्च्या आक्रसतात, गळती कमी होते. पण मेलेल्या पेशी परत येत नाहीत आणि औषधाचा असर काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून सुरुवातीला दर महिन्याला, मग ओसीटी तपासणीत (पडद्याच्या थरांचं चित्र काढणाऱ्या) सूज उतरलेली दिसली की अंतर वाढवत नेतात. बरं दिसायला लागलं म्हणून मधला डोस चुकवला की सूज परत येते, हे आप्पांना आवर्जून सांगा. इंजेक्शननंतरचे काही दिवस डोळा चोळायचा नाही, धुळीत आणि फवारणीला जायचं नाही. दुखणं वाढलं, डोळा लाल झाला किंवा नजर मंदावली तर जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न : मला मधुमेह आहे, पण वर्तमानपत्र बिनचष्म्याचं वाचता येतं. तरी दरवर्षी पडदा तपासायचा?
– एक वाचक, शहादा

उत्तर : हो. मध्यभागापर्यंत सूज पोचेपर्यंत वाचायला अडचण येत नाही, पेरिसाइट मात्र त्याआधीच मरत असतात. टाइप २ मधुमेहात निदान झाल्याबरोबर पहिली तपासणी आणि पुढे दरवर्षी एकदा; बदल दिसले तर डॉक्टर लवकर बोलावतील. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर अर्धा तास बसावं लागतं आणि पुढे काही तास जवळचं धूसर दिसतं. परतीला मोटारसायकल स्वतः चालवू नका, एसटीनं या किंवा कुणाला सोबत न्या. उन्हाळ्यात काळा चष्मा बरोबर असू द्या. तीन महिन्यांच्या साखरेचा म्हणजे एचबीए१सीचा आणि बीपीचा ताजा रिपोर्ट जवळ ठेवा. साखर फार वाढलेली असेल आणि औषध बदलून ती झपाट्यानं उतरवायची असेल, तर पडदा आधी तपासून घ्या. अशा वेळी पडद्याचा आधीपासूनचा आजार काही काळ वाढू शकतो.