परसदारातला पहिला शो

प्रश्न: नाशिकला आमचं जुनं बैठं घर आहे, मागे वीस बाय तीस फुटांचं अंगण, एक आंबा आणि एक आड. मुलीचा ग्रुप स्वतःची मराठी गाणी करतो, गिटार, कहोन (वर बसून हाताने वाजवायचं लाकडी खोकं) आणि गाणारे दोघं. कॅफेवाले त्यांच्याकडे हिंदी सिनेमाचीच गाणी मागतात. अंगणात पन्नासेक लोक बोलवून शो करावा म्हणतोय, पण शेजारी, स्पीकर, तिकीट कशातलंच काही कळत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: शेजाऱ्यांपासून करा. तारीख ठरवायच्या आधी चारही बाजूंच्या घरी स्वतः जा, कोणाची परीक्षा आहे, कोण आजारी आहे विचारा, शो किती वाजता संपणार ते सांगा आणि त्यांनाही बोलवा. आमच्या घरच्या दुसऱ्या शोला मी नुसता व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला होता, मागच्या घरातले आजोबा ऑपरेशन होऊन आदल्याच दिवशी घरी आलेत हे मला माहीतच नव्हतं. कळल्यावर लगेच स्पीकर बंद केला आणि शेवटची दोन गाणी तशीच झाली, लोक आपोआप पुढे सरकून बसले, आणि नंतर महिनाभर सगळे त्या दोन गाण्यांबद्दलच बोलत होते.

म्हणून माझं ऐकाल तर पहिला शो स्पीकरशिवाय करून बघा. गिटार, कहोन आणि मोकळा आवाज चाळीस माणसांना आरामात पुरतो, फक्त कहोनवाल्याला हात हलका ठेवायला सांगा. गाणाऱ्यांच्या पाठीशी घराची भिंत येऊ द्या, आवाज लोकांकडे परत येतो. स्पीकर लावायचाच असेल तर एकच छोटा, आणि बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, कमी, कारण भिंतीपलीकडे सगळ्यात जास्त बेसच जातो. नियमाने रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि खाजगी जागेतला आवाज हद्दीवर त्यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. मी तर साडेसहाला सुरू करून साडेआठला संपवते.

पन्नास नको, पहिल्यांदा चाळीसच बोलवा. सतरंजीवर एका माणसाला साधारण सहा-सात चौरस फूट धरा, गाणाऱ्यांना दहा बाय आठ, शिवाय फाटकापर्यंत आणि बाथरूमपर्यंत तीन फुटांची वाट मोकळी हवी. आणि त्या आडावर पक्की जाळी आहे ना? नसेल तर ती बसल्याशिवाय शो करूच नका, अंधारात लहान मुलं पळत असतात. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, एक्स्टेंशनची वायर गुंडाळलेली ठेवू नका, ती तापते.

तिकिटाचं म्हणाल तर ओळखीच्या लोकांना बोलवणं वेगळं आणि तिकीट विकणं वेगळं, विकायचं असेल तर आधी पोलीस स्टेशनला जाऊन परवानगीचं विचारून या. मी दाराशी डबा आणि क्यूआर कोड ठेवते, ज्याला जमेल तेवढं. पण डब्यात कमी जमलं म्हणून कलाकाराला कमी असं करू नका, अमुक रक्कम आणि रिक्षाचं भाडं नक्की देणार हे आधी सांगा आणि त्याच रात्री द्या. मुलीचे मित्र असले तरी द्या. गाणी त्यांची स्वतःची आहेत तर कॉपीराइटचा प्रश्न सहसा येत नाही, दुसऱ्यांची वाजवली तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचं, लायसन्स लागू शकतं.

छोट्या जागेचा संकोच वाटू देऊ नका. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने किती वर्षं प्रायोगिक नाटकं चालवली, तिथेही प्रेक्षक अगदी जवळ असायचे.

प्रश्न: आम्ही साताऱ्यात गच्चीवर कवितावाचन करतो, लोक मधेच गप्पा मारतात. सांगायचं कसं?

उत्तर: खाणं मधे ठेवताय का? चहा-भजी वाचन संपल्यावरच काढा, खुर्च्या फक्त मागच्या ओळीला ठेवा, बाकी सगळे खाली. आणि सुरुवातीलाच यजमानाने उभं राहून प्रेमाने सांगायचं की पुढची चाळीस मिनिटं फोन आणि बोलणं बंद, मग पंधरा मिनिटं हवं तेवढं बोला. एवढं सांगितलं की लोक ऐकतात, आमच्याकडे ऐकतात.