चोबेला दोनच रात्री आहेत, सिंह दिसेल का? जीपच्या किती सफारी घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की व्हिक्टोरिया धबधबा बघून झाल्यावर बोत्स्वानातल्या चोबे राष्ट्रीय उद्यानासाठी तुमच्या दोघांच्या हातात दोनच रात्री उरतात. जीपचं नंतर सांगते. आधी नदीतली बोटीची सफारी ठरवा. दुपारची, आणि दोन्ही दिवशी.

या विषयावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे, म्हणून जरा तावातावाने लिहितेय. आम्ही दोघंच गेलो होतो, ऑगस्टमध्ये. निघायच्या आधी माझ्या मोठ्या दिरांनी यादीच हातात ठेवली: सिंह, बिबट्या, गेंडा, रानम्हैस, हत्ती. ताडोबातही त्यांचं तेच. वाघ दिसला तर पैसे वसूल, नाही दिसला तर सफारी फुकट गेली. परत आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "सिंह किती दिसले?" एकही नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग एवढ्या लांब कशाला गेलात?"

कशाला गेलो ते सांगते. कसाने गावातून चोबे नदीत दुपारी लहान बोट निघाली. अलीकडे बोत्स्वाना, पलीकडे नामिबिया आणि मधे सेदुदू बेट, सगळं सपाट आणि गवताचं. या बेटासाठी दोन्ही देश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते. १९९९ मध्ये निकाल बोत्स्वानाच्या बाजूने लागला. उन्हं कलायला लागली तसा काठावरच्या झाडीतून धुरळा उठला आणि हत्तींचा कळप घाईघाईने खाली उतरला. नावाड्याने इंजिन बंद केलं. आधी सगळे पोटभर प्यायले. मग एक मोठी हत्तीण बेटाच्या दिशेने पाण्यात शिरली आणि बाकीचे तिच्या मागे. पाणी खोल झालं तशा पाठी दिसेनाशा झाल्या, नुसत्या सोंडा वर. एक पिल्लू दोघींच्या मधे होतं. ते खाली गेलं की मागची त्याला डोक्याने रेटून वर काढायची. माझ्या नवऱ्याने कॅमेरा मांडीवर ठेवून दिला होता आणि माझा हात घट्ट धरला होता.

बेटावर पोचल्यावर एक हत्तीण आमच्या अगदी जवळ चरायला लागली. सोंडेने गवताचा झुबका धरायचा, पायाने मुळाशी ठोकर मारून उपटायचा आणि मग आपण कोथिंबिरीची जुडी धुतो तसा पाण्यात खळखळून घ्यायचा. आपटायचा, झटकायचा, पुन्हा बुडवायचा. माती निघून मुळं पांढरी झाली की मगच तोंडात. मुळांबरोबर वाळू गेली तर दाढा झिजतात. हत्तीला जन्मभरात दाढांचे सहाच संच मिळतात, शेवटचा झिजला की चावणं बंद आणि उपासमार सुरू. हे सगळं नावाडी हळू आवाजात सांगत होता आणि समोर ती धुतेच आहे.

त्या रात्री जेवताना भेटलेलं एक जोडपं दिवसभर जीपमध्ये होतं. त्यांना सिंह दिसला होता. झुडपाखाली झोपलेला, तोही थोडाच वेळ, कारण मागच्या गाड्यांना जागा करून द्यायची होती. त्यांना आनंद झाला, चांगलंच आहे. पण माझं म्हणणं दिरांना तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: सिंह बघायला मसाई मारा आहे, सेरेंगेटी आहे. बोत्स्वानात सुमारे १,३०,००० हत्ती आहेत, जगात इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. कोरड्या महिन्यांत आतले पाणवठे आटले की उत्तरेकडचे हत्ती या नदीवर येतात. चोबेला जाऊन ते सोडून शेपटीचा गोंडा शोधत फिरायचं, हे मला पटत नाही. कुणी कितीही मोठं असो.

जीप एकच घ्या, पहाटेची. नदीकाठच्या रस्त्यावर पुकू नीट बघा. हरणासारखा तांबूस प्राणी आहे, बोत्स्वानात तो याच काठाला सापडतो. सिंह दिसू शकतो, भरवसा नाही. गेंड्याची आशा धरू नका. रात्रीची सफारी उद्यानात नसते. बोट लहानच बघा. दुमजली बोटींत गर्दी असते आणि त्या काठाला इतक्या चिकटत नाहीत. धबधब्याहून एका दिवसात जाऊन-येऊन करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सरहद्द ओलांडून परतायची घाई नेमकी हत्ती खाली उतरायच्या वेळेला होते.

जून-जुलैत पहाटे उघड्या जीपमध्ये बोचरी थंडी वाजते, जाड जॅकेट आणि कानटोपी न्या. भाग मलेरियाचा आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारा.

आणि हो, वरचं सगळं साधारण मे ते ऑक्टोबरचं. पावसाळा तिकडे नोव्हेंबर ते मार्च. तेव्हा जंगलात जागोजागी पाणी असतं, हत्ती आत पांगतात, नदीवर पक्षी भरपूर पण असे कळप मिळतीलच असं नाही. तुम्ही महिना लिहिलेला नाही. तिकिटं काढली नसतील तर सप्टेंबर बघा.