‘पीडिता’ लिहावं की ‘बळी’?

इंदूरच्या एका ताईंनी विचारलंय: महिला मंडळाच्या अंकासाठी बलात्काराच्या कायद्यावर लेख लिहितेय. हिंदी पेपरातलं ‘दुष्कर्म पीडिता’ तसंच घ्यावं, की ‘बलात्काराची बळी’ म्हणावं?

ताई, ‘बळी’ नकोच. अपघातात पाच बळी म्हटलं की पाच जण गेले. ही बाई हयात आहे, उद्या कोर्टात साक्ष देणार आहे. ‘दुष्कर्म’ही सोडा, हिंदीत ते या अर्थानं रुळलंय, मराठीत कुठलंही वाईट कृत्य त्यात बसतं. ‘अतिप्रसंग’ त्याहून वाईट, जणू थट्टा जरा हाताबाहेर गेली. सरळ ‘बलात्कार’ लिहा. आणि ‘अब्रू लुटली’? अब्रू गेलीच असेल तर त्याची गेली.

‘पीडिता’ चालेल, पण विभक्ती मराठी लावा: पीडितेला, पीडितेचा. ‘पीडिताला’ ही आपल्या इंदुरी कानांवरची हिंदीची कृपा. मुलगा असेल तर ‘पीडित’. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीचा २०१२चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. इथल्या पोलिसांच्या कागदांत ‘फरियादिया’ (फिर्याद देणारी बाई) दिसेल. ते बघून सरसकट ‘फिर्यादी’ करू नका, कारण फिर्याद पुष्कळदा आईनं दिलेली असते. निकालपत्रात पीडितेलाच म्हणतात ते ‘अभियोक्त्री’ कोर्टातच राहू द्या. ‘पीडिता’सुद्धा एकदा येऊ दे, पुढं ‘ती’, ‘तरुणी’ पुरे.

खरी गोम क्रियापदात आहे. ‘तिच्यावर बलात्कार झाला’ हे पाऊस झाला तसं वाटतं, करणारा वाक्यातून गायब. गुन्हा शाबीत झालाय तिथे ‘त्यानं बलात्कार केला’ असं लिहा. खटला चालू असेल तर ‘केल्याचा आरोप आहे’. मात्र तेवढ्यासाठी हिंदीतल्या ‘कथित’चं ‘तथाकथित पीडिता’ करू नका. मराठीत ‘तथाकथित’ म्हणजे टोमणा: ही बाई खोटारडी. ‘तक्रारदार महिला’ म्हणा. तसंच ‘तो ओळखीचा असल्याचं तिनं कबूल केलं’ छापू नका. कबुली आरोपीची असते, तिनं फक्त ‘सांगितलं’.

नावाचं म्हणाल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली ओळख उघड केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्यात नावाबरोबर ओळख पटेल असा कुठलाही मजकूर येतो. तेव्हा नाव गाळून ‘रामबागेतल्या अमक्यांची धाकटी सून’ असंही लिहू नका. आपल्या मंडळींत तेवढ्यावर घर सापडतं.