वहिनींचं ऑपरेशन ठरलंय? आधी हॉस्पिटलमधला टीपीए डेस्क (विम्याचे कागद बघणारी खिडकी) गाठा

तारीख ठरलेली आहे म्हणजे हातात दिवस आहेत, ते वाया घालवू नका. ॲडमिशनच्या तीन-चार दिवस आधी प्री-ऑथचा, म्हणजे कॅशलेससाठी विमा कंपनीची आगाऊ मंजुरी मागणारा फॉर्म भरून घ्या. 'त्रास कधीपासून' हा रकाना घाईत भरला जातो, तो स्वतः वाचा. तीन महिन्यांचं तीन वर्षं झालं की कंपनी जुन्या आजाराची क्वेरी काढते आणि तुम्ही दोन मजल्यांमध्ये फेऱ्या मारत बसता.

खरा फटका रूमचा. पॉलिसीत भाड्याला विमा रकमेच्या 1 टक्क्याची मर्यादा असेल, तर 5 लाखांवर रोज 5,000. रूम 8,000 ची घेतलीत तर नुसता 3,000 चा फरक भरून सुटका नाही. रूमच्या दर्जाप्रमाणे दर बदलणाऱ्या हॉस्पिटलात सर्जनची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंगही 5/8 प्रमाणातच मंजूर होतं. औषधं आणि इम्प्लांट यातून वाचतात. ट्विन शेअरिंग, म्हणजे दोन पेशंटची रूम घ्या. नातेवाईक नाकं मुरडतील, मुरडू देत.

डिस्चार्जची अंतिम मंजुरी 3 तासांत द्यावी, असा आयआरडीएआय या विमा नियामकाचा 2024 चा नियम आहे. पण घड्याळ हॉस्पिटलने कागद पाठवल्यावर सुरू होतं, आणि बिल बहुतेकदा अडतं फार्मसीच्या परतीवर! उरलेली औषधं आदल्या संध्याकाळीच परत करायला लावा.

पोटाचे टाके असतील तर टॅक्सीत एक उशी न्या. खड्डा आला की वहिनींनी ती पोटाशी घट्ट धरायची.